पंधरा दिवसांच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज नेमका कधी बदलला? आकड्यांनी शोध घेण्याची रीत

मे महिन्याच्या शेवटी सह्याद्रीत एखाद्या झाडाला रेकॉर्डर बांधला आणि पंधरा दिवसांनी सोडून आणला, तर हाती ३६० तासांचा आवाज येतो. रोज आठ तास हेडफोन लावून बसलं तरी ऐकायला दीड महिना जाईल. प्रश्न मात्र साधेच असतात. सिकाडा कीटकांची करकर कधी थांबली? बेडूक कोणत्या रात्री सुरू झाले? पावसाआधीचं जंगल आणि पावसानंतरचं जंगल यांच्यातली सीमा घड्याळात कुठे पडते?

हा लेख अशा कामाला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी आहे. थोडं पायथन येतं आणि सरासरी, प्रमाण विचलन म्हणजे काय ते माहीत आहे, एवढं गृहीत धरलं आहे. उदाहरण जंगलाचं घेतलं असलं तरी कारखान्यातली मोटर किंवा चौकातला गोंगाट यांनाही हीच रीत लागू पडते.

एक मत आधीच मांडून ठेवतो. नवखे लोक सर्वात जास्त वेळ "कोणता अल्गोरिदम वापरू?" यावर घालवतात आणि त्याने निकालात सर्वात कमी फरक पडतो. तुम्ही आवाजातलं काय मोजलं आणि रोजची चलबिचल किती धरली, यावर सगळं ठरतं.

पायरी १ : कोणता बदल शोधायचाय ते ठरवा

बदल तीन तऱ्हांचे असतात. एक, पातळीच बदलते आणि बदललेली राहते: रात्री नऊला बेडूक सुरू होतात आणि पहाटेपर्यंत चालू राहतात. दोन, क्षणिक घटना: ट्रक गेला, फांदी मोडली, वानराने हुप्प केलं. तीन, हळूहळू सरकणारा बदल: सिकाडे दहा दिवसांत कमी कमी होत जातात.

या लेखातल्या पद्धती पहिल्या तऱ्हेसाठी आहेत. क्षणिक घटनांना वेगळी साधनं लागतात. आणि हळूहळू सरकणाऱ्या बदलावर 'बदलबिंदू' शोधणारी पद्धत चालवली, तर ती उताराच्या जागी पायऱ्या कल्पून चार-पाच बिंदू देते. ते बिंदू आलेखावर छान दिसतात, पण त्यांना काही अर्थ नसतो.

आणखी एक गोष्ट ठरवा: सगळं रेकॉर्डिंग हातात आल्यावर शोध घ्यायचाय, की आवाज येत असतानाच इशारा हवाय? पहिल्या प्रकारात पुढचं-मागचं दोन्ही दिसत असल्यामुळे काम सोपं असतं.

पायरी २ : फाईली आणि घड्याळ

ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात.

आकारमानाचा अंदाज आधी घ्या. सेकंदाला ३२,००० नमुने (आवाजाच्या लाटेची मोजमापं), १६ बिट, एकच वाहिनी असं रेकॉर्डिंग तासाला सुमारे २३० एमबी आणि दिवसाला साडेपाच जीबी होतं, म्हणजे पंधरा दिवसांना ८३ जीबी. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले तर दिवसाला ८.३ जीबी. नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतच्याच वारंवारता पकडता येतात. ३२,००० वर १६ किलोहर्ट्झपर्यंत. पक्षी, बेडूक, रातकिडे यांना तेवढं पुरतं. वटवाघळांना पुरत नाही. साध्या वेव्ह फाईलला ४ जीबीची मर्यादा असते, म्हणून तासातासाच्या फाईली करायची सवय ठेवा.

ऑडिओमॉथ हा छोटा, स्वस्त रेकॉर्डर अनेक जण वापरतात. त्याच्या फाईलच्या नावात तारीख-वेळ असते, पण ती मुळात जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळ हवी तर सेटिंग बदलावं लागतं. ते राहिलं तर साडेपाच तासांचा फरक पडतो आणि पहाटेचा पक्ष्यांचा कलकलाट तुमच्या आलेखावर मध्यरात्री दिसतो.

तीन गोष्टींची यादी करून ठेवा: मध्ये कुठे खंड पडलाय, कुठे आवाज इतका मोठा होता की लाटेची टोकं कापली गेली, आणि रेकॉर्डरचा गेन (आवाज किती वाढवून नोंदवायचा ते सेटिंग) मध्येच कुणी बदलला का. गेन बदलला असेल तर पद्धत तो बदल सर्वात आधी आणि सर्वात मोठ्या खात्रीने शोधून देईल.

राखीव जंगलात किंवा अभयारण्यात रेकॉर्डर लावायचा असेल तर वनखात्याची परवानगी लागते. आणि माणसांची बोलणी त्यात येणारच. ती फाईल कुणालाही पाठवण्याआधी विचार करा.

पायरी ३ : आवाजाचे आकडे करा

सेकंदाला ३२,००० आकड्यांवर थेट संख्याशास्त्र चालवण्यात अर्थ नाही. आवाजाची लाट शून्याच्या वर-खाली हलते, तिची सरासरी कायम शून्याजवळच असते. बदलते ती तिची ताकद, आणि ती ताकद कोणत्या वारंवारतांत वाटली गेली आहे ते. म्हणून दर मिनिटाला एक ओळ तयार करा आणि त्या ओळीत निरनिराळ्या पट्ट्यांतली पातळी डेसिबलमध्ये लिहा. सुरुवातीला चार पट्टे पुरे: १ किलोहर्ट्झच्या खाली (वारा, इंजिनं), १ ते ३ (बरेच पक्षी आणि बेडूक), ३ ते ८ (बहुतेक रातकिडे) आणि त्यावर. पाऊस चारही पट्ट्यांत एकदम चढतो. तीच त्याची ओळख.

यासाठी सायपाय या पायथन लायब्ररीतलं वेल्च पद्धतीचं फंक्शन वापरा; कोणत्या वारंवारतेत किती ताकद आहे ते ते सांगतं. फाईल तुकड्यातुकड्याने वाचायला साउंडफाईल ही लायब्ररी चांगली. लिब्रोसा ही लायब्ररी वापरत असाल तर एक खाचखळगा लक्षात ठेवा: काही सांगितलं नाही तर ती प्रत्येक फाईल सेकंदाला २२,०५० नमुन्यांवर आणून ठेवते. म्हणजे ११ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं गायब, आणि तुम्हाला कळतही नाही.

डेसिबलची सरासरी काढताना जपून. अर्धं मिनिट ४० डेसिबल आणि अर्धं मिनिट ६० डेसिबल असेल, तर त्या मिनिटाची ऊर्जेनुसार सरासरी ५० नव्हे, ५७ येते. आधी ऊर्जेची सरासरी घ्या, मग लॉगरिदम. तरीही जंगलासाठी मला सरासरीपेक्षा दुसरा आकडा जास्त उपयोगी वाटतो: मिनिटातल्या ९० टक्के वेळात ओलांडली गेलेली पातळी. ध्वनिमापनात तिला 'एल-९०' म्हणतात. एखादी गाडी गेली तरी ती हलत नाही, पण पाठीमागे बेडकांचा सततचा गजर सुरू झाला की लगेच चढते. आपल्याला नेमकं हेच हवं आहे. आकडा निवडणं म्हणजे कशाकडे दुर्लक्ष करायचं ते ठरवणं.

कॅलिब्रेट न केलेल्या (प्रमाणित ध्वनीशी न जुळवलेल्या) रेकॉर्डरचे डेसिबल हे उपकरणाच्या कमाल क्षमतेच्या किती खाली आहोत एवढंच सांगतात, म्हणून ते उणे असतात. निवासी भागासाठी नियमात असलेल्या दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या मर्यादांशी त्यांची तुलना करू नका. बदल शोधायला मात्र ते पुरेसे आहेत.

आता पुढे जाण्याआधी या चार रेषा आलेखावर काढा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. पंधरा दिवस म्हणजे २१,६०० मिनिटं. एका पडद्यावर मावतात. अर्धी उत्तरं इथेच डोळ्यांना दिसतात.

पायरी ४ : दिवस-रात्रीचं चक्र काढून टाका

जंगलात आवाज रोजच बदलतो. पहाटे पक्षी, दुपारी शुकशुकाट, तिन्हीसांजेला सिकाडे, रात्री रातकिडे. तशाच्या तशा आकड्यांवर कोणतीही पद्धत चालवली तर ती रोज चार-पाच बदल काढून देईल. ते खरे आहेत, पण सूर्य उगवतो हे तुम्हाला आधीच माहीत होतं.

उपाय असा. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ कप्पे करा. पहिल्या पाच दिवसांतून प्रत्येक कप्प्याला ७५ आकडे मिळतील. त्यांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा आणि सगळ्या पंधरा दिवसांतल्या त्या कप्प्याच्या आकड्यांतून तो वजा करा. उरतं ते 'नेहमीपेक्षा किती वेगळं'.

सरासरी न घेता मध्यक घ्यायचा, कारण पाच दिवसांत एका दुपारी वळवाची सर आली असेल तर सरासरी बिघडते. आणि पंधराही दिवस न घेता पहिले पाच घ्यायचे, कारण सगळे घेतले तर ज्या बदलाच्या शोधात आहोत तोच 'नेहमीच्या' पातळीत मिसळतो आणि नंतरचे दिवस 'नेहमीपेक्षा' कमी वेगळे दिसतात. अर्थात हे पाच दिवस खरोखर कोरडे होते का, ते बघा. मुंबईत मान्सून पोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन थडकला. त्या वर्षी २५ मेला रेकॉर्डर लावलेल्याच्या हाती पावसाआधीचं जंगल जवळपास लागलंच नसेल.

चलबिचलही कप्प्यागणिक वेगळी असते. म्हणून प्रत्येक कप्प्यात मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक काढा, त्याला १.४८२६ ने गुणा, आणि उरलेल्या आकड्यांना त्याने भागा. आकडे घंटाकृती विखुरलेले असतील तर हा गुणाकार म्हणजे प्रमाण विचलनच. फक्त चार-दोन भलत्या आकड्यांनी तो फुगत नाही.

हे सगळं जड वाटत असेल तर एक पळवाट आहे, आणि ती वाईट नाही: रोज रात्री आठ ते नऊचाच तास घ्या आणि रात्रींची एकमेकींशी तुलना करा. बेडकांच्या प्रश्नाला तेवढंही पुरतं.

पायरी ५ : पहिली पद्धत हाताने करून बघा

ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ ई. एस. पेज यांनी १९५४ मध्ये कारखान्यातल्या मालाची तपासणी डोळ्यांसमोर ठेवून संचयी बेरजेची पद्धत मांडली. इंग्रजी नावाच्या संक्षेपावरून तिला 'कुसम' म्हणतात. आज सत्तर वर्षांनीही सुरुवात हिच्यापासूनच करावी असं माझं मत आहे, कारण तिच्यात दडवलेलं काही नाही.

किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी ती चालते. प्रत्येक आकडा नेहमीपेक्षा जितका जास्त, तितकी बाकी चढते. कमी आला तर बाकी फिटते. पण बाकी शून्याच्या खाली कधीच जात नाही. बाकी ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की इशारा. छोट्या चढ-उतारांकडे काणाडोळा व्हावा म्हणून दर वेळी थोडी सूट वजा करतात.

समजा नेहमीची पातळी ०, प्रमाण विचलन २ डेसिबल. सूट अर्ध्या विचलनाइतकी, म्हणजे १. मर्यादा पाच विचलनांइतकी, म्हणजे १०. आकडे आले असे: −१, १, ०, २, −२, ४, ५, ३, ६, ४.

बाकी अशी चालते: ०, ०, ०, १, ०, ३, ७, ९, १४. नवव्या आकड्याला १० ओलांडले, इशारा वाजला. पण बदल नवव्या आकड्याला झालेला नाही. बाकी शेवटची शून्य कधी होती ते मागे जाऊन बघा: पाचव्या आकड्याला. म्हणजे बदलाची सुरुवात सहाव्यापासून. इशाऱ्याची वेळ आणि बदलाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अहवालात नेहमी दुसरी लिहा. पातळी खाली जाणं पकडायचं असेल तर चिन्हं उलटी करून दुसरी वही चालवा.

आता मर्यादेबद्दल. 'सूट अर्धं विचलन, मर्यादा पाच विचलनं' हा पुस्तकी सल्ला आहे. दोन्ही वह्या धरल्या तर काहीही बदललेलं नसताना या मर्यादेवर सरासरी ४६५ आकड्यांमागे एक खोटा इशारा येतो. कारखान्यात दिवसाला दहा मोजमापं होत असतील तर हे उत्तमच. आपल्याकडे दर मिनिटाला एक आकडा आहे. म्हणजे आठ तासांच्या आतच एक खोटा इशारा, पंधरा दिवसांत पंचेचाळीसच्या वर. मर्यादा आठ विचलनांवर नेली तर हाच हिशेब साधारण साडेसहा दिवसांतून एकदा असा होतो. आपल्या आकड्यांची संख्या न बघता पुस्तकातली मर्यादा उचलू नका.

पायरी ६ : शेजारशेजारची मिनिटं एकमेकांसारखी असतात

वरचे सगळे आकडे एका गृहीतावर उभे आहेत: प्रत्येक मोजमाप आधीच्यापासून स्वतंत्र आहे. आवाजाच्या बाबतीत हे धडधडीत खोटं आहे. आत्ता वारा आहे तर पुढच्या मिनिटालाही बहुधा असणारच.

हे सारखेपण मोजा. आकड्यांची रांग एका मिनिटाने सरकवून स्वतःशीच सहसंबंध काढा. समजा तो ०.८ आला; मिनिटामिनिटाच्या ध्वनिपातळीत असा आकडा निघाला तर नवल मानू नका. साध्या गणिताने (एकातून ०.८ वजा, भागिले एक अधिक ०.८) तुमच्या २१,६०० मिनिटांची किंमत फक्त २,४०० स्वतंत्र मोजमापांइतकी उरते. नऊपट घट. खोट्या इशाऱ्यांचा पाऊस पडतो तो बहुतेक वेळा इथून, आणि लोक त्याचं खापर पद्धतीवर फोडतात.

सोपा उपाय म्हणजे मिनिटाऐवजी दहा किंवा पंधरा मिनिटांचा एक आकडा करणं. वेळेची अचूकता थोडी जाते, पण "बेडूक ८ वाजून १३ मिनिटांनी सुरू झाले" असं सांगायची गरज कुणाला असते?

जास्त पक्का उपाय अदलाबदलीचा. बदल न झालेल्या पाच दिवसांचे तासातासाचे तुकडे करा, आतली मिनिटं पत्त्यांसारखी न पिसता फक्त तुकड्यांचा क्रम बदला आणि तीच पद्धत चालवा. तुकड्याच्या आतलं सारखेपण टिकतं, पण खरा बदल त्यात नसतो. हे दोनशे वेळा करा आणि किती मर्यादेवर खोटे इशारे जवळपास थांबतात ते बघा. ती तुमची मर्यादा. कोणत्याही सूत्रापेक्षा मला हिच्यावर जास्त भरवसा आहे, कारण ती तुमच्याच जंगलातून आली आहे.

पायरी ७ : पूर्ण रेकॉर्डिंगवर बदलबिंदू शोधा

सगळं रेकॉर्डिंग हातात असेल तर प्रश्न असा मांडता येतो: ही रांग कुठे कुठे तोडली तर प्रत्येक तुकडा आतून सर्वात एकसारखा होईल? तोडायची मुभा अमर्याद दिली तर प्रत्येक मिनिट वेगळं करणं हेच 'सर्वोत्तम' ठरेल, म्हणून प्रत्येक तोडीमागे दंड लावतात. जुनी रीत म्हणजे आधी एक सर्वात चांगली तोड शोधायची, मग दोन्ही भागांत पुन्हा तेच. किलिक, फर्नहेड आणि एकली यांनी २०१२ मध्ये मांडलेली 'पेल्ट' ही पद्धत मात्र सर्व शक्यतांतून नेमकं उत्तर काढते आणि तरीही वेगवान असते. पायथनमध्ये 'रप्चर्स' या लायब्ररीत दोन्ही आहेत.

रप्चर्समध्ये पेल्ट वापरताना 'जंप' हे मूल्य १ करा. मुळात ते ५ असतं, म्हणजे दर पाचव्या जागीच तोड शोधली जाते. तुकड्याची किमान लांबीही तुम्हीच द्या. ती मुळात २ असते, आणि दोन मिनिटांच्या 'नव्या ऋतू'त कुणाला रस नसतो. ३० किंवा ६० द्या.

दंडाचं काय? विचलनाने भागलेल्या आकड्यांवर सरासरीतला बदल शोधताना एकूण आकड्यांच्या नैसर्गिक लॉगरिदमची दुप्पट ही नेहमीची सुरुवात. २१,६०० साठी ती २० येते. पण आधीच्या पायरीतली नऊपट आठवा: शेजारच्या मिनिटांचं सारखेपण धरलं तर दंड १८० च्या आसपास हवा. २० आणि १८० मधल्या फरकाने बदलबिंदूंची संख्या कुठल्या कुठे जाते. म्हणून एकाच दंडावर थांबू नका. २० पासून ५०० पर्यंत दंड वाढवत न्या आणि कोणते बिंदू शेवटपर्यंत टिकतात ते टिपा. चिवट बिंदू दोन-तीनच असतात.

पातळी तीच राहून आवाजाचा पोतच बदलत असेल (सिकाडे गेले, तितक्याच जोराचा पाऊस आला), तर चारही पट्टे एकत्र द्या. पेल्टला एकापेक्षा जास्त रांगा चालतात. माणसांच्या बोलण्यात वक्ता कुठे बदलला ते शोधायचं असेल तर पट्ट्यांऐवजी एमएफसीसी नावाचे, आवाजाचा पोत टिपणारे आकडे घेतात आणि दोन शेजारच्या तुकड्यांना एकच प्रतिमान (संख्याशास्त्रीय मॉडेल) पुरतं की दोन लागतात, याची तुलना करतात. आयबीएममधल्या चेन आणि गोपालकृष्णन यांनी १९९८ मध्ये बातम्यांच्या प्रसारणांवर हे करून दाखवलं. चालू आवाजावर 'बदल झाला असण्याची शक्यता' दर क्षणी हवी असेल, तर ॲडम्स आणि मॅके यांची २००७ ची बेझ पद्धत बघा. पहिल्या प्रयत्नात मात्र हिच्या वाटेला जाऊ नका.

पायरी ८ : आता ऐका

प्रत्येक टिकलेल्या बिंदूच्या आधीचा आणि नंतरचा एकेक मिनिटाचा तुकडा कापा. त्यात कुठलाही बदल न सापडलेल्या जागांच्या अशाच जोड्या मिसळा, फाईलींना निरर्थक क्रमांक द्या आणि कोणती कुठली हे माहीत नसताना ऐकून 'बदल आहे' किंवा 'नाही' लिहा. कानाला आधीच सांगून ठेवलं तर त्याला बदल ऐकू येतोच.

या ऐकण्यातून जे सापडेल त्यातलं बरंच काही जंगलाचं नसेल. मायक्रोफोनवर पाणी साचून वरच्या वारंवारता एकदम बसतात. डबीत मुंग्यांनी घर केलं की खुडबुड सुरू होते. पावसाचे थेंब डबीवरच आपटत असतील तर तो पाऊस किती जोराचा होता हे त्यावरून ठरवू नका. असे बिंदू पुसून टाकू नका. त्यांच्यापुढे कारण लिहा.

निकाल लिहिताना एकच क्षण न देता वेळेचा पट्टा द्या. तो काढायचा कसा? त्याच रेकॉर्डिंगवर दंड थोडा कमी-जास्त करून, पाच मिनिटांच्या आणि पंधरा मिनिटांच्या आकड्यांवर पद्धत पुन्हा चालवा, आणि बिंदू कुठून कुठपर्यंत सरकतो ते बघा. '७ जूनच्या रात्री ७.४० ते ८.१० च्या दरम्यान' असं वाक्य प्रामाणिकही असतं आणि उपयोगीही. आणि वापरलेले पट्टे, कप्पे, मूळ पातळीचे दिवस, दंड, किमान लांबी हे सगळं एका साध्या मजकूर फाईलमध्ये लिहून ती रेकॉर्डिंगच्याच फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या मेमध्ये त्याच झाडाला रेकॉर्डर बांधाल तेव्हा दोन वर्षांची तुलना याच सेटिंगवर करावी लागेल.